जन नाट्य मंच, दिल्ली : रस्त्यावरचं नाटक कुठे बसून बघावं

दिल्लीत दोन-चार दिवस मुक्काम असला आणि नाटकाची हौस असली की माणूस मंडी हाउस गाठतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, श्रीराम सेंटर, कमानी, सगळं तिथे हाकेच्या अंतरावर आहे. तिथे जरूर जा. पण त्याआधी जन नाट्य मंचाचा प्रयोग कुठे लागलाय का, याची चौकशी करा. ‘जनम’ या छोट्या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी १९७३ पासून नाटक करत आली आहेत. नट बिनपगारी: कुणी शिकवतं, कुणी शिकतं, कुणी नोकरी करतं आणि कामावरून सुटल्यावर तालमीला येतं. सरकारी अनुदान नाही, कंपन्यांचा पैसा नाही. एवढ्यावर पन्नास वर्षं ओलांडलेली हौशी संस्था कुठल्याही शहरात दुर्मीळच.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. जनम डाव्या विचारांची संस्था आहे, कामगार संघटनांच्या सोबतीने वाढलेली आहे आणि ती हे लपवत नाही. नाटक उघडपणे बाजू घेतं. ते ज्यांना अजिबात खपत नाही, त्यांचा अर्धा तास चिडचिडीत जाईल. मात्र बाजू पटो न पटो, सात-आठ माणसांनी विंग, पडदा, दिवे यांतलं काहीच नसताना मोकळ्या जागेत शे-दोनशे लोक धरून कसे ठेवायचे, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर याहून चांगली जागा आमच्या माहितीत नाही. नाटक करणाऱ्यांनी तर वही घेऊनच जावं.

रस्त्यावर येण्यामागे कलेची घोषणा नव्हती, खर्चाचा हिशेब होता. सुरुवातीची वर्षं जनम रंगमंचावरची मोठी नाटकं करत असे. आणीबाणी संपली तेव्हा ही नाटकं बोलावणाऱ्या कामगार संघटनांकडेच पैसा उरला नव्हता. मोठं नाटक लोकांपर्यंत नेणं परवडत नाही, तर मग छोटं आणि उचलून नेता येईल असं नाटक बसवू, असं ठरलं. त्यातून १९७८च्या ऑक्टोबरमध्ये ‘मशीन’ उभं राहिलं. लांबी तेरा मिनिटं. विषय गाझियाबादजवळच्या एका कारखान्यातला. कामगारांच्या मागण्या अगदी किरकोळ होत्या: सायकली लावायला जागा हवी आणि कँटीन हवं. त्यावरून प्रकरण गोळीबारापर्यंत गेलं आणि कामगार मारले गेले.

‘मशीन’ची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या कामाचं बी त्यात आहे. नट एकमेकांत अडकून यंत्र होतात. एकाचा हात दट्ट्यासारखा मागेपुढे होतो, दुसरा कंबरेतून चाकासारखा फिरतो, आवाज तोंडाने काढतात. यंत्र लयीत चालू असतं आणि मधेच बंद पडतं. सूत्रधार विचारतो, का थांबलं? मग त्या यंत्राचेच भाग सुटे होऊन कामगार, पहारेकरी, मालक म्हणून बोलायला लागतात. नेपथ्याचा खर्च शून्य, आणि तरीही मजूर यंत्राचा भाग झालाय ही गोष्ट एकही वाक्य न बोलता समोर येते.

हेच करायला गेलेले हौशी गट नेमके इथे घसरतात. प्रत्येक जण आपापली हालचाल देखणी करण्यात गुंततो आणि लय सुटते. यंत्र थांबण्याचा धक्का लागतो तो आधीच्या लयीमुळे. निदान वीस-पंचवीस सेकंद सगळ्यांचा ठोका एक पडला पाहिजे, इतका की बघणाऱ्याचा पायही नकळत हलायला लागावा. तसं झालं नसेल तर यंत्र थांबलं काय आणि चाललं काय, कुणाला कळत नाही. तालमीत यावर एकच उपाय: पहिला आठवडा संवाद बाजूला ठेवायचे आणि फक्त यंत्र चालवायचं, ढोलकीवर आणि नंतर ढोलकीशिवाय.

नोव्हेंबर १९७८मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये कामगार संघटनांच्या परिषदेपुढे ‘मशीन’ झालं, तेव्हा समोर जवळपास सात हजार कामगार होते. काहींनी संवाद टेपवर भरून नेले आणि आपापल्या गावी, आपापल्या भाषेत हे नाटक केलं. नाटक किती सुटसुटीत असावं याचं हे माप आहे. ज्याला दुसऱ्या गावचा गट एका टेपवरून उभं करू शकतो, ते खरं पथनाट्य.

आता गोलाकडे, म्हणजे चहूबाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांमधल्या मोकळ्या जागेकडे वळू, कारण जनमचं खरं कौशल्य गोलात दिसतं.

गोल साधारण पंधरा ते वीस फूट व्यासाचा धरतात. बारा फुटांच्या खाली गेला की सात-आठ नट एकमेकांवर आदळतात. पंचवीसच्या वर गेला की पलीकडच्या लोकांचे चेहरे दिसेनासे होतात, आणि समोरच्या बाजूचा माणूस हसतोय हे दिसणं ही गोलातली निम्मी गंमत आहे. पहिल्या तीन ओळी जमिनीवर बसलेल्या हव्यात, मुलं सगळ्यांत पुढे. उभ्यांची एक ओळ जरी पुढे घुसली, तरी मागच्या पन्नास जणांचं नाटक तिथेच संपतं. म्हणून प्रयोगाआधीची दहा-पंधरा मिनिटं फार महत्त्वाची. ढोलकी आणि गाणं सुरू होतं, माणसं जमतात, आणि गाता-गाताच नट गोलाच्या कडेने फिरत पुढच्यांना खाली बसवत जातात. ‘कृपया बसून घ्या’ अशी घोषणा केली तर निम्मे लोक निघून जातात. हाताने जागा दाखवली की बसतात.

गोलात नटाची पाठ कुणाकडे तरी असतेच. त्याची भरपाई दोन गोष्टींनी होते. पहिली म्हणजे कुणीही एका जागी रुतून लांबलचक बोलत नाही. दोन-तीन वाक्यं झाली की वळायचं, आणि वळण्याला कारण पाहिजे: कुणीतरी हाक मारली, काहीतरी उचललं, चाल करून गेलं. कारण नसताना भोवऱ्यासारखं फिरणं लगेच उघडं पडतं. दुसरी गोष्ट अंतराची. दोघांचं भांडण असेल तर रंगमंचावर नट जवळ येतात, गोलात ते व्यासाच्या दोन टोकांना जातात. जवळ उभे राहिले तर अर्ध्या गर्दीला दोन पाठी दिसतात. लांब गेले की प्रत्येकाला निदान एक चेहरा मिळतो, शिवाय आवाज आपोआप मोकळा लागतो. आपल्याकडच्या कित्येक पथनाट्यांत नट सवयीने एका बाजूलाच ‘समोर’ मानून बोलत राहतात, आणि पाठीमागचे लोक पाचव्या मिनिटाला गप्पा मारू लागतात. तो दोष त्या लोकांचा नसतो.

विंग नाही, त्यामुळे एंट्री-एक्झिटही उघड्यावरच. नट प्रेक्षकांच्या पहिल्या ओळीत बसलेला असतो. उठला की पात्र, बसला की परत गर्दीतला एक. पोशाख साधा, आणि पात्र बदलायला वर एखादीच वस्तू: टोपी, उपरणं, काठी, चष्मा. ही वस्तू दहा हात लांबून ओळखू आली पाहिजे. पातळ काडीचा चष्मा तिसऱ्या ओळीला दिसत नाही, जाड काळ्या काडीचा दिसतो. कागद फडफडवायचा असेल तर पांढरा नको, पिवळा किंवा लाल घ्या, नाहीतर उन्हात त्याचा नुसता पांढरा डाग होतो.

यावरून कुठे बसावं तेही ठरतं. नट बहुतेक वाद्यांच्या बाजूने आत येतात, म्हणून ढोलकीवाल्याच्या बरोबर समोरची जागा धरा. चेहरे पुरते दिसतात. ढोलकीच्या शेजारी बसलात तर गाणी छान लागतील, पण शब्द बुडतील. दिवसाउजेडी प्रयोग असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या. वाहता रस्ता असेल तर रस्त्याकडे पाठ करून बसू नका, कारण हॉर्न आणि नटाचा आवाज यांच्यामध्ये तुम्हीच सापडता. वीस मिनिटं आधी पोचलात तर हे सगळं निवडता येतं. खाली अंथरायला वर्तमानपत्र न्यायला विसरू नका.

जनमच्या नाटकांत आम्हाला सगळ्यांत भक्कम वाटतं ते १९७९चं ‘औरत’. सुरुवात इराणी शिक्षिका आणि क्रांतिकारक मर्ज़िये अहमदी ओस्कुई यांच्या कवितेने होते. मग घरातली मुलगी, लग्न झालेली बाई, शिकणारी, कारखान्यातली, अशी एकामागून एक दृश्यं येतात. छोट्या दृश्यांची ही माळ रस्त्याला फार सोयीची आहे. उशिरा आलेला माणूस कुठल्याही मण्यापाशी नाटकात शिरू शकतो, आणि दहा मिनिटं बघून निघालेला काहीतरी पुरं घेऊन जातो. दीर्घ कथानक रस्त्यावर हा फायदा गमावतं. सुरुवात चुकलेल्याला पुढचं लागत नाही, तो निघतो, आणि एक निघाला की त्याच्या मागचे चार निघतात.

जिथे हा प्रकार तोकडा पडतो तेही सांगायला हवं. मालक आणि पुढारी पुष्कळदा एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात. पोट पुढे, आवाज जाड, हसणं खोटं. पहिल्या मिनिटाला हशा मिळतो, पण त्यानंतर त्या पात्राकडून काहीच नवं कळत नाही. ‘औरत’मधला घरातला पुरुष जास्त बोचतो, कारण तो राक्षस नाही, ओळखीचा आहे. दुसरी अडचण आवाजाची. उघड्यावर सतत वरच्या पट्टीत बोलावं लागतं, आणि विसाव्या मिनिटानंतर सगळे संवाद एकाच उंचीवर ऐकू यायला लागतात. मुरलेले नट मधेच आवाज एकदम खाली आणतात, लोक पुढे झुकतात, गोल आवळतो. नवखे त्याला घाबरतात आणि ओरडत राहतात. तिसरं आकडेवारीचं. महागाई इतके टक्के, वेतन इतके रुपये असं संवादात घातलं की त्यातलं काहीच टिकत नाही. दोन रुपयांची नोट हातात धरून ‘यात काय येतं?’ विचारलं की टिकतं. दिल्ली परिवहन महामंडळाचं, म्हणजे डीटीसीचं, बसभाडं वाढलं तेव्हा जनमने ‘डीटीसी की धांधली’ घाईघाईने बसवून रस्त्यावर आणलं होतं. ताज्या विषयावर नाटक पटकन उभं करण्याची ही ताकद मोठी आहे, पण अशा नाटकाचं आयुष्यही त्या बातमीइतकंच असतं हे धरून चालावं.

मराठी प्रेक्षकाला जनम परकी वाटायचं कारण नाही. गो. पु. देशपांडे यांचं जोतीराव फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ जनमने १९९२मध्ये हिंदीत केलं. दिग्दर्शक होते सुधन्वा देशपांडे, गोपुंचे चिरंजीव आणि जनमचे जुने नट. गोपु स्वतः दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवत, त्यामुळे हा धागा घरातलाच. पुढे २०१२मध्ये अतुल पेठे यांनी हेच नाटक पुण्यात मराठीत उभं केलं, तेव्हा त्यात पुणे महापालिकेचे सफाई कामगार नट म्हणून उतरले. ज्यांनी तो प्रयोग पाहिला असेल, त्यांना जनमच्या कामाची जात लगेच ओळखू येईल: ज्यांची गोष्ट आहे ते प्रेक्षागृहाच्या बाहेर राहू नयेत, हा आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे.

बघण्याच्या दोन जागा. पहिली दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादजवळचं झंडापूर, दर १ जानेवारीला. १ जानेवारी १९८९ रोजी तिथे जनमचं ‘हल्ला बोल’ हे नाटक चालू असताना गुंडांनी हल्ला केला. रामबहादूर हा कामगार गोळी लागून गेला. जनमचे संस्थापक सदस्य, ‘मशीन’ आणि ‘औरत’च्या लेखनात ज्यांचा हात होता ते सफदर हाश्मी, डोक्याला झालेल्या जखमांनी दुसऱ्या दिवशी वारले. वय अवघं ३४. तिसऱ्या दिवशी, ४ जानेवारीला, सफदरच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि बाकीचे नट त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी हजारो लोकांपुढे पुरा केला. तेव्हापासून १ जानेवारीला झंडापूरला जमण्याची रीत आहे. जायचं असेल तर दिल्लीच्या जानेवारीचा विचार करून जा. धुकं उशिरापर्यंत असतं, जमीन थंडगार लागते, म्हणून शाल आणि जाड बैठक हवीच. गर्दी भरपूर, भाषणंही होतात, प्रयोग ठरल्या मिनिटाला सुरू होईलच असं नाही. संध्याकाळचा दुसरा बेत आखू नका. भाषा हिंदी, तीही कामगार वस्तीतली. मराठी माणसाला अडचण येत नाही, गाण्यांतले काही शब्द तेवढे शेजाऱ्याला विचारावे लागतात, आणि शेजारी हौसेने सांगतो.

सफदरचा जन्मदिवस १२ एप्रिल, तो देशभर पथनाट्य दिवस म्हणून पाळतात. त्या सुमारास दिल्लीत असाल तर प्रयोग मिळण्याची शक्यता चांगली.

दुसरी जागा शादीपूरचा ‘स्टुडिओ सफदर’, २०१२मध्ये सुरू झालेला. मेट्रोच्या निळ्या मार्गावर शादीपूर स्थानकाला उतरा आणि शादी खामपूरच्या गल्ल्यांत शिरा. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी नेण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा जाताना वाट शोधायला पंधरा-वीस मिनिटं हातात ठेवा. शंभराच्या आत माणसं मावतील अशी ही छोटी, बंदिस्त जागा, रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात काही अंतरच नाही. जनमखेरीज इतरही गट इथे प्रयोग आणि तालमी करतात. सोबत ‘मे डे’ हे पुस्तकांचं दुकान आहे. नाटक, इतिहास, राजकारण यांवरची हिंदी-इंग्रजी पुस्तकं चाळत अर्धा तास सहज जातो.

रस्ता आणि स्टुडिओ यांत निवड करायची तर पहिल्यांदा रस्ताच निवडा. स्टुडिओत ऐकू स्वच्छ येतं, बारीक अभिनय दिसतो, पण गोलाची ताकद तिथे अर्धीच कळते. बाहेर दूधवाला सायकल टेकवून थांबतो, वरच्या गॅलरीतून बाया बघतात, कुत्रं मधूनच गोल ओलांडून जातं, आणि नट त्याला ‘अरे, तू भी यूनियन में?’ म्हणून नाटकात ओढून घेतो. असलं प्रसंगावधान चार भिंतींत शिकता येत नाही. लांबीचं, विचाराचं नाटक असेल तर मात्र स्टुडिओच बरा.

आपल्या गावात, कॉलेजात किंवा सोसायटीत असं काही उभं करायचं मनात असेल तर थोडं मोजमाप. नट सात-आठ पुरतात, पण प्रत्येक भूमिका दोघांना पाठ पाहिजे. बिनपगारी संस्थेत कुणाची पाळी बदलते, कुणाची परीक्षा येते, आणि एकामुळे प्रयोग रद्द झाला की पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. संहिता पंचवीस ते तीस मिनिटांची, त्यापुढे उभी गर्दी पाय बदलायला लागते. रोज दोन तास धरून तीन ते चार आठवडे तालीम, आणि शेवटचा आठवडा उघड्या मैदानात. बंद खोलीत बसवलेलं नाटक बाहेर नेलं की पहिल्या दिवशी आवाज अर्धा होतो, कारण भिंती परत पाठवत होत्या तो आवाज आता हवेत विरतो. घसा बसणं ही सर्वांत नेहमीची दुखापत. ती छातीतून ओरडल्याने होते, पोटातून श्वास घेऊन शब्दाचा शेवट स्पष्ट सोडला की पल्ला वाढतो. मराठीत वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि नेमकं तेच नट गिळतात, त्यामुळे ‘नाही’ आणि ‘आहे’ यांतला फरक पाचव्या ओळीला कळत नाही. तालमीत एक जण तीस फुटांवर उभा करा आणि त्याने फक्त शेवटचे शब्द ऐकून सांगायचे.

विनामाइक करणार असाल तर श्रोते दीडशे-दोनशेच्या आत ठेवा. त्याहून जास्त असतील तर गोलाच्या कडेला चार दिशांना चार उभे माइक लावा आणि नटांना माइककडे चालत जाण्याची सवय लावा. एकच माइक मधोमध ठेवला की सगळं नाटक त्या दांड्याभोवती घुटमळतं. ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची परवानगी दोन-चार दिवस आधी लेखी घ्या, आणि तो कागद प्रयोगाच्या वेळी नाटकात नसलेल्या माणसाच्या खिशात असू द्या. हवालदार आला की नटाला गोल सोडून जावं लागू नये.

आणि पैशांचं. रस्त्यावरच्या प्रयोगाला तिकीट नसतं. नाटक संपतं, टाळ्या पडतात, आणि लोक हलायच्या आत दोन नट चादरीची चार टोकं धरून गोलाच्या कडेने फिरायला लागतात. चादर टाळ्या चालू असतानाच निघाली पाहिजे, मिनिटभर उशीर झाला तर मागच्या ओळी पांगलेल्या असतात. आधी मुलं नाणी टाकतात, मग मोठे खिसे चाचपतात. दहा-वीसच्या नोटा सुट्या करून न्या. पुढच्या गल्लीतल्या प्रयोगाचं टेम्पोभाडं त्या चादरीतूनच सुटतं.